डिझेल गाडीचे इंजिन गार चालते तेव्हा

गाडीचा काटा लालकडे सरकला की आपण लगेच गाडी थांबवतो, बॉनेट उघडतो, मिस्त्रीला हाक मारतो. काटा खालीच राहिला तर मात्र उलट समाधान वाटते. "आमची जीप कशी गार चालते बघा," असे कौतुकाने सांगणारेही आपल्यात आहेत. डिझेल गाडीच्या बाबतीत हे कौतुक महागात पडते.

डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. इंजिनच गार असेल तर ती उष्णता सिलिंडरच्या भिंती ओढून घेतात आणि डिझेल पुरते जळत नाही. न जळलेले डिझेल भिंतीवरचे ऑईल धुऊन काढते आणि रिंगांवाटे खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरते. म्हणून ऑईलची पट्टी काढल्यावर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, ऑईल पातळ लागले, डिझेलचा वास आला, तर खूश होऊ नये. लाइनर आणि रिंगा झिजायला लागल्या असे समजावे. डिझेल जास्त लागते ते वेगळेच.

पाण्याची व्यवस्था सांभाळतो तो थर्मोस्टॅट. हा म्हणजे इंजिनातला दारे धरणारा गडीच. इंजिन गार असेपर्यंत तो रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून आतल्या आत फिरवतो. त्याच्या पोटात मेण असते. बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते वितळून फुगते आणि दार उघडते. हा गडी दार उघडे टाकून झोपला, म्हणजे झडप उघडीच अडकली, की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरात जाते आणि इंजिन तापतच नाही. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा तर बोलायलाच नको.

पुष्कळ ठिकाणी उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हा उपाय नव्हे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर आतली आडवाट कायमची उघडी राहते आणि बरेचसे पाणी रेडिएटरात न जाताच फिरते. अशी गाडी थंडीत गार चालते आणि भर उन्हात चढाला तापते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आता निदान कसे करायचे? सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण काढून आधी पाणी पाहावे. (गरम असताना झाकणाला हात लावू नये, तोंड भाजते.) पाणी कमी असेल तर सेन्सर हवेत राहतो, काटा खाली दाखवतो आणि आत इंजिन भाजत असते. काटा खाली असण्याचे हे सगळ्यात धोक्याचे कारण, म्हणून ते पहिले तपासावे.

पाणी बरोबर असेल तर गाडी चालू करून एखादा किलोमीटर फिरवावी, बंद करावी आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून पाहावा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर हा पाइप पहिली काही मिनिटे गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून तो हळूहळू कोमट होत असेल तर झडप उघडी आहे. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या तोंडाशी असतो, तिथे खालचा पाइप पाहावा. जागेवर उभी करून तपासू नये. रिकाम्या चालीवर डिझेल इंजिन चांगले असले तरी लवकर तापत नाही. सडकेला लागल्यावर काटा उतरतो आणि गावात शिरल्यावर पुन्हा चढतो, हीसुद्धा उघड्या झडपेचीच खूण.

खात्री हवी असेल तर थर्मोस्टॅट काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, बुडाला टेकू देऊ नये. शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे, आणि पाणी निवताना पुन्हा घट्ट मिटला पाहिजे. गार असतानाच फट दिसली तर पातेले चुलीवर ठेवायचीही गरज नाही.

कोणी पंखा डायरेक्ट जोडला असेल तर तोही पाहावा. मात्र थर्मोस्टॅट नीट मिटत असेल तर एकटा पंखा इंजिनाला सहसा इतके गार करू शकत नाही. रेडिएटरसमोर पोते बांधून काटा वर येतो खरा, पण दुखणे तसेच राहते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक भानगड आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळीची जाळी असते. इंजिन पुरेसे तापल्याशिवाय गाडीचा कॉम्प्युटर ती जाळी साफ करायला घेत नाही आणि जाळी तुंबते. स्कॅनर लावल्यावर पी ०१२८ हा कोड आला तर पाणी ठरल्याइतके तापत नाही असा त्याचा अर्थ.

नवा थर्मोस्टॅट आपल्या इंजिनाच्या आकड्याचाच घ्यावा, त्यावर हवा सुटायचे छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला ठेवावे, गॅस्केट नवे घालावे. ऑईलमध्ये डिझेल उतरले असेल तर ऑईल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलावेत.