कॅटबोट घ्यायचीय? खानदेशातून कोकणकिनारी नेण्याआधी एवढं पाहा ⛵

जळगाव-धुळेकरांनो, आपल्या तापीला समुद्र भेटतो तो थेट सुरतेपलीकडे. कोकणकिनारा गाठायला आपल्याला घाट उतरावाच लागतो. तरी शिडाच्या बोटीची हौस असेल, तर कॅटबोट समजून घ्या.

डोलकाठी अगदी नाळेजवळ, शीड एकच, रुंदी लांबीच्या जवळपास निम्मी. एकटा माणूसही ती सांभाळू शकतो. अमेरिकेतल्या केप कॉडच्या उथळ पाण्यात ती मासेमारीसाठी रुळली.

निवडताना:

🔹 आकार: १९२१ पासून बनणारी बीटल कॅट १२ फूट ४ इंचांची, उघडी, खाडीपुरती ठीक. किनाऱ्याने लांब जायचं तर सँडर्लिंगसारखी १८ फुटी, छोट्या केबिनची पाहा.

🔹 खोली: ओहोटीला कोकणातल्या खाड्यांत गाळ उघडा पडतो. सँडर्लिंगची बुडाखालची मधली फळी (सेंटरबोर्ड) वर ओढली, की तिला १९ इंच पाणी पुरतं.

🔹 शीड: वारा वाढला की ही बोट वाऱ्याकडे तोंड वळवते, सुकाणू जड होतं. शीड दोन टप्प्यांत तरी लहान करता आलं पाहिजे, आणि ते वेळीच करावं.

🔹 जुनी लाकडी असेल तर: मधल्या फळीची पेटी आणि डोलकाठीचा बुंधा टोचून पाहा. टोच्या सहज रुतला, तर लाकूड कुजलंय.

🔹 वाहतूक: १८ फुटीची रुंदी साडेआठ फूट. ट्रेलर आणि कसारा घाट, दोन्हींचा हिशेब आधी मांडा.

पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जाऊ नका. लाइफ जॅकेट मात्र बारमाही. आणि खरेदीआधी कुणाच्या तरी बोटीवर शिकून घ्या!