आटलेला तलाव आणि बुजलेला तलाव

सन २०१६ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस असलेला कळंबा तलाव कोरडा पडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, संस्थानी अमदानीत बांधलेला हा तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने त्याचे पाणी केवळ उताराने नगरात येई. अनेक पिढ्यांची तहान भागविणाऱ्या या तलावाच्या तळाशी त्या वर्षी भेगाळलेली जमीन दिसू लागली. हीच संधी साधून तेथील गाळ काढण्यात आला. पुढील पावसाळ्यांत पाणी आले, तलाव पुन्हा भरला आणि सांडव्यावरून वाहिलाही.

याच कोल्हापूर शहरात वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर अशी तळी होती. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, कपिलतीर्थावर मंडई भरते आणि रावणेश्वराच्या जागेवर शाहू स्टेडियम उभे आहे. कोल्हापुरात पाऊस कितीही पडला तरी ही तळी आता भरणार नाहीत. तलाव आटणे आणि तलाव नाहीसा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. पहिली आपत्ती निसर्गाची असू शकते व तिच्यावर निसर्गच उतारा देतो. दुसरी मात्र बहुधा मानवनिर्मित असते आणि तिच्यावर उतारा सापडणे कठीण असते.

वाळवंटातील धडा

वाळवंटी प्रदेशातील सरोवरांचा इतिहास हेच सांगतो. मध्य आशियातील अरल समुद्र हे वस्तुतः एक विशाल सरोवर होय. १९६० च्या सुमारास त्याचे क्षेत्रफळ ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जगातील सरोवरांत चौथ्या क्रमांकाचे होते. त्या प्रदेशात पाऊस अत्यल्प असल्याने आमू दर्या व सिर दर्या या दोन नद्यांवरच त्याचे जीवन अवलंबून होते. तत्कालीन सोव्हिएत राजवटीने कापसाच्या लागवडीसाठी या नद्यांचे पाणी कालव्यांत वळविले. ऊन पाणी शोषीतच राहिले, भर घालणारे पाणी मात्र येईनासे झाले. उरलेले पाणी खारट होत गेले, मासेमारी बुडाली आणि बंदरातील गलबते वाळूत रुतून राहिली. २०१४ साली या सरोवराच्या दक्षिण भागातील पूर्वेकडील पात्र संपूर्ण कोरडे झाल्याचे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दिसून आले.

तथापि, या कथेस दुसरी बाजूही आहे. कझाकस्तानने २००५ मध्ये सरोवराच्या उत्तर भागात कोकअरल येथे बांध पूर्ण केला. सिर दर्याचे पाणी तेथे अडू लागताच अल्पावधीत पातळी वाढली, खारटपणा घटला व मासे परतले. जेथे येणारे पाणी व ते धरून ठेवणारी जागा शाबूत राहिली, तेथे सरोवर पुन्हा जगले.

पावसाच्या प्रदेशात टंचाई कशी?

कोल्हापूर जिल्ह्यास वाळवंटाची उपमा कोणी देणार नाही. गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. परंतु त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात तो सुमारे पाचशे मिलिमीटरवर येतो. शिवाय हा पाऊस प्रामुख्याने चार महिन्यांचा असतो. उरलेले आठ महिने जमिनीत व जलाशयांत साठविलेल्या पाण्यावरच काढावे लागतात. म्हणजेच पाऊस विपुल असला तरी साठवणीची जागा गमावलेल्या गावास उन्हाळ्यात टंचाई चुकत नाही.

हे सत्य राजर्षी शाहू महाराजांनी फार पूर्वी ओळखले होते. १९०२ साली त्यांनी संस्थानासाठी पाटबंधारे धोरण जाहीर केले व विहिरी आणि तलावांच्या पाहणीकडे लक्ष पुरविले. पुढे भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे कामही त्यांनीच सुरू केले. ते पूर्ण होण्यास मात्र स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. एवढे मोठे धरण योजणाऱ्या या द्रष्ट्या राजाने गावच्या लहान तळ्याची उपेक्षा केली नाही, ही गोष्ट आजही मननीय आहे.

तलाव लहान होतो तो कसा?

तलावाचे आकुंचन एका दिवसात घडत नाही. त्याची मुख्य कारणे चार आहेत. पहिले कारण गाळ. पाणलोट क्षेत्रातील झाडोरा तोडला गेला की पावसाबरोबर माती वाहून येते व तळाशी साचते. दुसरे, ओढे-नाल्यांची अडवणूक. रस्ता, भराव किंवा बांधकाम यांमुळे येणारे पाणी दुसरीकडे वळते. तिसरे, काठावरील अतिक्रमण. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, मोकळ्या झालेल्या जमिनीवर प्रथम पीक घेतले जाते, नंतर कुंपण येते आणि कालांतराने घर उभे राहते. चौथे कारण सांडपाणी. यात तलावाचा विस्तार वरकरणी कायम दिसतो, पण पाणी निरुपयोगी होते. कोल्हापूरचे भूषण असलेल्या रंकाळा तलावात नाल्यांवाटे सांडपाणी मिसळत गेले, पाण्यावर शेवाळ व जलपर्णी माजली आणि अखेर राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेखाली त्याचे काम हाती घ्यावे लागले.

गाळाचे गणित शाळेतील मुलांनाही सहज समजावून देता येईल. एक हेक्टर क्षेत्रावर केवळ एक सेंटिमीटर गाळ साचला तर शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाण्याची जागा नष्ट होते. दर माणशी दररोज ५५ लिटर हा ग्रामीण पाणीपुरवठ्याचा निकष धरल्यास अठराशे लोकवस्तीच्या गावाचे ते एका दिवसाचे पाणी होय. दहा हेक्टरच्या तलावात प्रतिवर्षी एवढाच गाळ येत राहिला, तर तीस वर्षांत तीन कोटी लिटरची साठवण हातची जाते. त्या गावाचे तीनशे दिवसांचे पाणी अशा रीतीने कोणाच्याही नजरेस न येता नाहीसे होते.

कायद्याचे व योजनांचे पाठबळ

केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातील जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. तीत २४ लाखांहून अधिक जलसाठ्यांची नोंद झाली व त्यांपैकी १.६ टक्के जलसाठ्यांवर अतिक्रमण आढळले. हे प्रमाण अल्प वाटले तरी ते सुमारे ३८ हजार जलसाठ्यांचे आहे. शिवाय पूर्वीच बुजून गेलेली तळी गणनेत येत नाहीत, हेही लक्षात घ्यावयास हवे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात निर्णय दिला. वाद होता गावतळ्याच्या जागेवरील अतिक्रमणाचा. गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदेशीर ताबे दूर करण्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात, असे न्यायालयाने त्या वेळी फर्माविले. संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत लघु पाटबंधारे, जलव्यवस्थापन व पाणलोट विकास हे विषय पंचायतींच्या कक्षेत अंतर्भूत केले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. जलाशयातील सुपीक गाळ शेतकऱ्यांच्या शेतात पोहोचविणे, ही तिच्यामागील कल्पना. यात तलावाची साठवण वाढते आणि हलक्या जमिनीचा कसही सुधारतो.

गावाने काय करावे?

योजना कितीही उत्तम असली तरी तलावाचा खरा राखणदार गावच असतो. त्यासाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. तलावाची हद्द मोजून घ्यावी, ती दगड रोवून कायम करावी व ग्रामसभेसमोर तिचे वाचन व्हावे. पावसाळ्यापूर्वी तलावात येणारे ओढे शिवारफेरी काढून पाहावेत व अडथळे दूर करावेत. पाण्याची पातळी दर्शविणारी पट्टी बसवून शाळेतील विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा नोंद ठेवावी. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदींवरून तलाव कोणत्या कारणाने घटत आहे, हे शिक्षक व सदस्य यांना स्वतःच उमजेल.

विशेषतः तलाव कोरडा पडलेल्या वर्षी अधिक दक्षता हवी. गाळ काढण्यास ते वर्ष जितके सोयीचे, तितकेच जागा बळकावण्यासही सोयीचे असते. मोकळ्या तळाकडे पाहून ‘आता येथे पाणी कोठून येणार?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कळंब्याच्या भरलेल्या तलावाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. वरुणतीर्थ बुजविण्याची कारणे त्या काळी सयुक्तिक वाटली असतील, परंतु गेलेले तळे परत मिळविता आले नाही. पाऊस आज ना उद्या येतोच. तो येईल तेव्हा त्यास उतरण्यास गावात जागा शिल्लक असावी, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.