सर्व्हरचा मदरबोर्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सीएचं ऑफिस, छापखाना, दवाखाना किंवा घरातले फोटो-व्हिडिओ, यांसाठी स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवणारे आता बरेच आहेत. प्रोसेसर आणि हार्ड डिस्क ते पारखून घेतात. मदरबोर्ड मात्र दुकानदार सुचवेल तो. पुढे रॅम वाढवता येते, डिस्क बदलता येते, पण बोर्ड बदलायचा तर सगळं मशीन खोलावं लागतं. शिवाय सर्व्हर रात्रंदिवस एकटा चालतो. म्हणून बोर्ड घेताना वेगाआधी विचारावं : समोर कुणी नसताना काही बिघडलं, तर हा बोर्ड काय करेल?

गैरसमज : महागडा गेमिंग बोर्ड सर्व्हरलाही उत्तम.

वस्तुस्थिती : गेमिंग बोर्डचे जास्तीचे पैसे ओव्हरक्लॉकिंग, रंगीत दिवे, वायफाय आणि चांगल्या आवाजासाठी जातात. फाइल ठेवणाऱ्या सर्व्हरला यातलं काहीच लागत नाही. त्याला हव्यात डिस्क लावायला पुरेशा साटा जोडण्या, भरवशाचा लॅन पोर्ट आणि ईसीसी म्हणजे चुका सुधारणाऱ्या रॅमची सोय. साधा एक गिगाबिटचा लॅन सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट पोचवतो, तर आजची एकटी हार्ड डिस्कही सलग वाचनात त्याच्या पुढे जाते. त्यामुळे मोठ्या फाइलींची ने-आण असेल, तर प्रोसेसरपेक्षा अडीच गिगाबिटच्या लॅनवर केलेला खर्च जास्त कामी येतो.

गैरसमज : ईसीसी रॅम मोठ्या कंपन्यांसाठी. आणि डीडीआर५ मध्ये ती असतेच.

वस्तुस्थिती : गुगलच्या सर्व्हरवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात सुमारे एकतृतीयांश मशीनमध्ये रॅमची निदान एक तरी दुरुस्त करण्याजोगी चूक नोंदली गेली होती. ईसीसी रॅम एका बिटची चूक जागीच सुधारते आणि दोन बिटांची चूक कळवते. साध्या रॅममध्ये तीच चूक मुकाट्याने डिस्कवर उतरू शकते आणि पुढे बॅकअपमध्येही जाऊ शकते. हिशेबाच्या फाइलीत हे परवडणारं नाही.

डीडीआर५ मधली अंगभूत दुरुस्ती फक्त चिपच्या आतली आहे. रॅम ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पाहत नाही. रायझनच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरना ईसीसी चालते, पण बोर्डचीही साथ लागते. ‘जी’ मालिकेतल्या प्रोसेसरच्या नावात ‘प्रो’ नसेल तर सहसा चालत नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या अनेक कोअर प्रोसेसरना त्यासाठी डब्ल्यू६८० सारख्या चिपसेटचा बोर्ड लागतो. इथे फसगत अशी होते, की नको त्या बोर्डवरही ईसीसी रॅम बसते, मशीन सुरू होतं, पण दुरुस्ती होतच नाही.

गैरसमज : स्लॉट दिसतो आहे, म्हणजे तो पूर्ण चालतो.

वस्तुस्थिती : सहा साटा जोडण्या मोजून घेतलेल्या बोर्डवर एम.२ एसएसडी लावली आणि दोन डिस्क दिसेनाशा झाल्या, असं होतं. त्यात बिघाड काहीच नसतो, एम.२ आणि साटा एकाच वाटेचे भागीदार असतात. ही माहिती मॅन्युअलमधल्या तक्त्याखाली बारीक अक्षरात दिलेली असते. तसंच, लांबीला सोळा लेनचा दिसणारा स्लॉट आत चारच लेनचा असू शकतो.

गैरसमज : बोर्डवर रेड आहे, मग बॅकअप कशाला?

वस्तुस्थिती : रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं. साध्या बोर्डवरची रेड बहुधा ड्रायव्हरच्या जोरावर चालते. बोर्ड गेला, की डिस्क वाचायला तशाच जातीचा बोर्ड शोधावा लागू शकतो. लिनक्सची रेड किंवा झेडएफएस वापरलं, तर त्याच डिस्क दुसऱ्या बोर्डवर उघडता येतात. पण कुठलीही रेड फार तर डिस्क बिघडल्यावर डेटा वाचवते. चुकून डिलीट झालेली किंवा रॅन्समवेअरने बंद केलेली फाइल ती परत देत नाही. बॅकअप वेगळा आणि वेगळ्या जागी हवाच.

गैरसमज : रिमोट सॉफ्टवेअर आहे, मग बीएमसी कशाला?

वस्तुस्थिती : ते सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टीम चालू असेपर्यंतच उपयोगाचं. बीएमसी म्हणजे बोर्डवरचा वेगळा छोटा संगणक. सर्व्हर अडकला तरी त्यातून स्क्रीन पाहता येते, बायोस उघडता येतो, मशीन बंद-चालू करता येतं. दुसऱ्या गावच्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळणाऱ्याने हा खर्च जरूर करावा. मात्र मूळ पासवर्ड लगेच बदलावा आणि बीएमसी थेट इंटरनेटला कधीच जोडू नये. सर्व्हर घरातच असेल, तर बीएमसीशिवाय भागतं. तेव्हा लाइट गेल्यानंतर आली की मशीन आपोआप सुरू करणारी बायोसमधली सोय आहे ना, ते पाहावं, आणि यूपीएस लावावा.

गैरसमज : जुना सर्व्हर बोर्ड स्वस्तात पडतो.

वस्तुस्थिती : जुनी दोन प्रोसेसरची यंत्रणा नुसती बसून १०० वॉट खात असेल, तर वर्षाला ८७६ युनिट होतात. बोर्डच्या किमतीत हे बिलही धरावं. काही कंपन्यांच्या बोर्डचा आकार आणि वीजजोडणी खास त्यांचीच असते, त्यामुळे बाजारातली कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय जुळत नाहीत. जुन्या सर्व्हरमधली रजिस्टर्ड रॅमही डेस्कटॉप बोर्डवर चालत नाही.

पैसे मोजण्याआधी बोर्डचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. ईसीसी, सामायिक जोडण्या आणि लाइट आल्यावर सुरू होण्याची सोय, या तीन गोष्टी त्यात स्वतः शोधा. ज्या बोर्डबद्दल यांची स्पष्ट उत्तरं मिळत नाहीत, तो कितीही सवलतीत मिळाला तरी धंद्याचा डेटा त्याच्या हवाली करू नका.