कॅमेऱ्यामागची परदेशवारी : भाग ७ – वेल्सच्या सेटवरचा विद्यार्थी

या आठवड्यात फीचा हिशेब मांडायचं ठरलं होतं. तो पुढे ढकलावा लागतोय, कारण कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र. मुलगी फिल्ममेकिंगच्या एमएसाठी लंडनला निघालीय आणि घरात रोज एकच वाद: लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय असताना एवढ्या लांब कशाला? ‘आपल्याकडून आधी कोणी गेलं होतं का हो?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

गेलं होतं. आणि लॉ कॉलेज रोडवरच्या त्या संस्थेला आकार आला तो अशाच एका माणसाच्या हातून.

जगत मुरारी १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात चित्रपटाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला गेले. खरी चैन झाली ती वर्गाबाहेर: ऑर्सन वेल्सच्या ‘मॅकबेथ’च्या सेटवर त्यांना हजर राहायला मिळालं. चित्रपट शेक्सपिअरचा, पण स्टुडिओ रिपब्लिक पिक्चर्सचा, म्हणजे स्वस्तातले काउबॉयपट काढणाऱ्यांचा. पैसा बेताचा. वेल्सने १९४७च्या उन्हाळ्यात सगळं चित्रीकरण २३ दिवसांत उरकलं. त्यासाठी तालमी आधीच रंगमंचावर करून घेतल्या होत्या आणि संवादही आधीच ध्वनिमुद्रित केले होते. सेटवर नटांनी त्यावर ओठ हलवायचे. आपल्याकडे गाण्यांसाठी वापरतात तीच युक्ती, पण अख्ख्या शोकांतिकेला! वेल्सच्या या घाईवर टीकाकार तुटून पडले. शिकणाऱ्याला मात्र याहून चांगला सेट मिळाला नसता. ऐसपैस बजेटच्या चित्रपटात दिग्दर्शकाची निवड दिसतच नाही.

मुरारी परतले, फिल्म्स डिव्हिजनमध्ये माहितीपट केले आणि १९६२मध्ये पुण्याच्या संस्थेची सूत्रं त्यांच्याकडे आली. संस्था तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.

तिचं आवार मूळचं ‘प्रभात’ फिल्म कंपनीचं, आणि ‘प्रभात’लाही परदेशवारीचा अनुभव होताच. व्ही. शांताराम १९३३मध्ये ‘सैरंध्री’ घेऊन जर्मनीला गेले, ते रंगीत प्रतींसाठी. रंग फसले. पण तिथलं तंत्र बघून ते परतले, आणि पुण्यातल्या नव्या स्टुडिओत केलेल्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) टेलिफोटो लेन्सने टिपलेला, पडदा व्यापणारा राजगुरूचा डोळा अवतरला. गेले रंगासाठी, चर्चा झाली डोळ्याची.

अलीकडची नावं हवी असतील तर सचिन कुंडलकर आणि उमेश कुलकर्णी. दोघंही एफटीआयआयचे, आणि दोघांनीही पॅरिसच्या ‘ला फेमीस’मध्ये काही काळ शिक्षण घेतलं. तेव्हा ‘इथे की तिथे’ हा कोथरूडच्या घरातला वाद थोडा चुकीच्या जागी चाललाय. विचारायचं ते हे, की तिथे पोरगी दिवसभर हाताने काय करणार?

याचं उत्तर शाळेगणिक बदलतं. लंडन फिल्म स्कूलचा एमए दोन वर्षांचा, सहा सत्रांचा. प्रत्येक सत्रात चित्रपट करायचा आणि कामं आलटून पालटून घ्यायची. एका चित्रपटात दिग्दर्शन, तर दुसऱ्यात बूम धरून उभं राहायचं. बीकन्सफील्डच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलची रीत वेगळी. तिथे अर्जच एका शाखेसाठी करायचा: संकलन म्हटलं की संकलन. ज्याला आपलं काम अजून नेमकं सापडलेलं नाही, त्याने पहिल्या वाटेने जावं. पक्कं ठरलेल्याने दुसऱ्या. प्रवेशाआधी आणखी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. चित्रपटांचा निर्मितीखर्च फीमध्ये धरलाय का, आणि तयार चित्रपटाचे हक्क कोणाकडे राहणार?

मुरारींसारखं एखाद्या सेटवर घुसायचं म्हटलं, तर आज मध्ये व्हिसा येतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी स्तरावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वयंरोजगार चालत नाही. आणि चित्रपटातली बहुतेक कामं तर फ्रीलान्स, रोजच्या बोलीवर! कॅफेत कॉफी देणं नियमात बसतं. कोणाच्या जाहिरातपटावर स्वतःचं बिल लावून फोकस ओढणं बसत नाही. खर्चाच्या कागदावर ‘तिथे शूट करून सुटेल’ असं कोणी लिहिलं असेल, तर ती ओळ आजच खोडावी. उरलेला हिशेब पुढच्या आठवड्यात, नक्की.