बाईंची भैरवी

रात्री देवपुरातली वर्दळ ओसरली की मी गच्चीवर जाऊन केसरबाई लावतो. पांझरेकडून वारा येत असतो, आग्रा रोडवरून एखादा ट्रक जातो. मग तो भरदार, मोकळा आवाज. भैरवीतली ‘जात कहां हो’. जेमतेम साडेतीन मिनिटं. कितीही वेळा ऐकली तरी अंगावर काटा येतोच.

आणि हीच साडेतीन मिनिटं या घटकेला पृथ्वीपासून 2500 कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहेत! 1977 साली ‘नासा’ने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली. कधी काळी कुणाला सापडली, तर या ग्रहावर कोण राहत होतं ते कळावं म्हणून. तिच्यात 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठीही आहे. साऱ्या जगातून निवडलेल्या संगीताचे तुकडे फक्त 27. भारताचा त्यातला एकच, आणि तो फोंड्याजवळच्या केरी गावात 1892 साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा.

त्याच तबकडीवर एडा मोझर ही जर्मन सोप्रानोही आहे. मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ ऑपेरातली रात्रीची राणी ती गाते. संतापलेल्या राणीचे सूर इतके उंच जातात की गळ्याची बासरीच झाली असं वाटावं. बाईंचं वळण अगदी वेगळं. त्यांना टोक गाठायची घाई नाही. पण दोघींच्या गाण्याची जात एका बाबतीत सारखी आहे: माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा आवाज दोन्हीकडे घडवला गेला.

बाईंची तान नीट ऐका. लय वाढली की भल्याभल्यांचा ‘आ’ चेपतो, कधी त्याचा ‘ए’ होतो, कधी नुसता ‘ह’ उरतो. बाईंचा आकार मिटत नाही. तान कितीही वेगात येवो, प्रत्येक दाणा तितकाच गोल. अल्लादिया खाँसाहेबांकडे 1921 पासून ते 1946 साली जाईपर्यंत घेतलेली तालीम आहे ती. रोजच्या त्या मेहनतीची वर्षं मोजायची आणि मग ही साडेतीन मिनिटं ऐकायची. मला तर दर वेळी हिशेबच लागत नाही.

भैरवी आपल्याकडे मैफल संपवताना गातात. व्हॉयेजर-1 निघालं 5 सप्टेंबर 1977 ला. बाई गेल्या 16 सप्टेंबरला. अकरा दिवसांचं अंतर.

आता त्या यानाचा संदेश आपल्यापर्यंत यायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, तोही प्रकाशाच्या वेगानं. त्याची वीज हळूहळू संपत चालली आहे. तबकडीला मात्र वीज लागत नाही. ती फिरवायची मिनिटाला 16⅔ फेऱ्यांच्या गतीनं, आपल्या एलपीच्या निम्म्या वेगानं. म्हणजे बाईंची भैरवी सुमारे 58 फेऱ्यांत पुरी होते. सुई सोबतच पाठवलेली आहे, आणि ती तबकडीवर कशी टेकवायची याचं चित्र वरच्या झाकणावर कोरून ठेवलंय.