गाडीचा घसा साफ करावा काय?



गळीत हंगाम जवळ आला की ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची दुरुस्ती आपण वेळेवर करून घेतो. पण घरची चारचाकी गाडी मात्र बंद पडेपर्यंत कुणी पाहत नाही. हल्ली गट ऑफिसला भेटणारे सभासद आम्हाला दोन प्रश्न हटकून विचारतात. पहिला प्रश्न असा : "सर्व्हिसिंगला गाडी नेली की मिस्त्री म्हणतो, थ्रॉटल बॉडी साफ करावी लागेल. करायची का?" आणि दुसरा : "आपल्याच उसाच्या इथेनॉलनं ती घाण होते म्हणतात. खरं काय?" दोन्ही प्रश्न आपल्या खिशाशी निगडित आहेत आणि दुसरा तर कारखान्याच्या धंद्याशीही आहे. म्हणून या अंकात त्यांचा विचार करू.

हा भाग असतो तरी कुठे?

माणसाला जसा घसा, तशी पेट्रोल इंजिनाला थ्रॉटल बॉडी. एअर फिल्टरमधून गाळलेली हवा एका जाड नळीने इंजिनाकडे जाते. त्या वाटेवर धातूची एक गोल चकती आडवी बसवलेली असते. आपण एक्सलेटर दाबला की चकती उघडते व जास्त हवा आत जाते. पाय काढला की ती जवळजवळ बंद होते. गाडी जागेवर उभी असताना इंजिन चालते ते चकतीच्या कडेने किंवा शेजारच्या बारीक वाटेने जाणाऱ्या थोड्याशा हवेवर.

जुन्या मंडळींना कार्बोरेटर आठवत असेल. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिला कार्बोरेटरच होता. त्यात हवा आणि पेट्रोल एकाच ठिकाणी मिसळत. आजच्या गाड्यांत तसे नाही. थ्रॉटल बॉडीतून जाते ती फक्त हवा. पेट्रोल त्याच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी किंवा थेट सिलिंडरमध्ये, इंजेक्टर फवारतो.

मग घाण येते कुठून?

इंजिनाच्या पोटात ऑइलची वाफ तयार होते. ती बाहेर सोडली तर हवा दूषित होते, म्हणून एका नळीने ती पुन्हा हवेच्या वाटेवर आणून जाळली जाते. ही तेलकट वाफ चकतीच्या कडेला चिकटते. तिच्यावर बारीक धूळ बसते आणि काळा चिकट थर जमतो. आपल्याकडे हंगामात ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर फुफाटा उडतो. फिल्टर फाटका असला किंवा डब्यात नीट बसवलेला नसला, तर काम आणखी लवकर बिघडते.

थर वाढला की बारीक फट बुजते. पाटाच्या दारात गाळ साचला की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसेच हे! मग सिग्नलला गाडी थरथरते, आयडलिंग वरखाली होते, एसी लावला की इंजिन गपकन बंद पडते. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन निघालेली गाडी वळणावर बंद पडली तर काय प्रसंग ओढवेल, हे सांगायला नको.

साफ करावी, पण केव्हा?

वरची लक्षणे असतील व चकतीवर काळा थर दिसत असेल, तर जरूर साफ करावी. लक्षण काहीच नसताना दर सर्व्हिसिंगला ते काम बिलात येत असेल, तर मालकाने जरा थांबून विचारावे, "अगोदर काढून दाखवा, मग साफ करा." एवढे विचारण्यात संकोच कसला? आपण वजनकाट्यावर उभे राहून वजन पाहतोच की!

शिवाय गाडी थरथरते म्हणजे दोष याच भागात असेल असे नाही. एअर फिल्टर तुंबलेला असेल, स्पार्क प्लग झिजले असतील, हवेची नळी तडकून फटीतून हवा ओढली जात असेल. या गोष्टी आधी पाहाव्यात.

साफ करण्याची रीत

१. इंजिन थंड असावे. किल्ली काढून खिशात ठेवावी. काम मोकळ्या हवेत करावे. साफ करण्याचे द्रावण पेट घेणारे असते, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

२. हवेची जाड नळी क्लिप सैल करून काढावी. त्या वाटेवर हवा मोजणारा नाजूक सेन्सर असतो. त्यावर द्रावण उडू देऊ नये.

३. द्रावण थ्रॉटल बॉडीसाठी असलेलेच घ्यावे. काही गाड्यांत चकतीच्या कडेला खास लेप असतो. कडक द्रावणाने वा पॉलिश पेपरने तो निघून जातो.

४. द्रावण धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्यावर घेऊन चकती व कड हलक्या हाताने पुसावी. आत भसाभसा फवारू नये. जास्त द्रावण इंजिनात साचले तर नुकसान होते.

५. नव्या गाड्यांत चकती विजेच्या मोटारीने फिरते. ती बोटाने रेटू नये, आतले दाते मोडतात. आणि किल्ली चालू असताना तर बोट घालूच नये!

६. नळी घट्ट बसवून गाडी सुरू करावी. इंजिनाच्या कॉम्प्युटरला घाणेरड्या चकतीची सवय झालेली असते. त्यामुळे साफ केल्यावर आयडलिंग काही काळ चढे राहू शकते. काही गाड्यांत ते आपोआप जुळते, काहींत स्कॅनर लावून जुळवावे लागते. ही सोय ज्या गॅरेजात नाही, तिथे नव्या गाडीचे हे काम देऊ नये.

ट्रॅक्टरवाल्यांनी यात पडू नये. डिझेल इंजिनाचा वेग हवेने नव्हे, डिझेलच्या मापाने कमी-जास्त होतो. ट्रॅक्टरचा एअर क्लीनर स्वच्छ ठेवला म्हणजे झाले.

इथेनॉलचा दोष किती?

२०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. त्यात ऊस उत्पादकांचा मोठा वाटा आहे. आता वर सांगितलेले आठवा. इंधन थ्रॉटल बॉडीतून जातच नाही, मग इथेनॉल तिला घाण करणार कसे? याच कारणाने टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटलीने ती साफही होत नाही. दोन्ही गोष्टी कुणी सांगितल्या तर मनावर घेऊ नयेत.

मात्र आपला माल म्हणून आम्ही एकच बाजू सांगणार नाही. एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता मिळते, म्हणून एव्हरेज थोडे उतरते. इथेनॉल पाणी शोषते, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नसतात. जुनी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये आणि इंधनाच्या रबरी नळ्या वेळोवेळी तपासाव्यात. खरा दोष असेल तिथे तो मान्य करावा, नसेल तिथे ऐकीव गोष्टीवर पैसे घालू नयेत.

तेव्हा हंगामापूर्वी प्रत्येक सभासदाने एअर फिल्टरचा डबा एकदा उघडून पाहावा. दहा मिनिटांचे काम आहे. फिल्टर धड असेल तर घसाही बरेच दिवस स्वच्छ राहतो आणि वाचलेला पैसा खत-बियाण्याला उपयोगी पडतो.