'होमवर्क'नंतरचा पेपर

पहिल्या सेमला भारी मार्क पडले की खरं टेन्शन दुसऱ्या सेमला येतं. घरचे, मित्र, सर, सगळेच धरून चालतात की आता हा पुन्हा तसंच करून दाखवणार! पॅरिसच्या दोन पोरांचं अगदी हेच झालं होतं.

थॉमा बाँगाल्तेर आणि गी-मॅन्युएल द ओमेम-क्रिस्तो. शाळेत दोस्ती झालेली ही जोडी म्हणजे 'डाफ्ट पंक'. १९९७ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम 'होमवर्क' नावाप्रमाणेच घरी, बेडरूममध्ये बसून केलेला. रांगडा आवाज, दणदणीत बीट. 'डा फंक' आणि 'अराउंड द वर्ल्ड' जगभरच्या क्लबांमध्ये वाजली. त्याच फॉर्म्युल्यावर दुसरा अल्बम काढला असता, तर कुणीच नाव ठेवलं नसतं.

पण २००१ मध्ये आला 'डिस्कव्हरी', आणि क्लबवाले चक्रावलेच! यात डिस्को होता, चकचकीत सिंथेसायझर होते, रॉक स्टाइल गिटारचे सूर होते. थोडक्यात, तेव्हाच्या 'कूल' मंडळींनी कधीच अडगळीत टाकलेलं सगळं. या दोघांनी मात्र लहानपणी कानावर पडलेली गाणी आठवली. ती भारी की फालतू, हे ठरवायची अक्कल यायच्या आधी जशी आवडायची, तशीच. थॉमाच्या तर घरातच डिस्को होता. 'ओटावान'चं 'डी.आय.एस.सी.ओ.' घडवणारे डॅनिएल वांगार्द हे त्याचे वडील!

आता ही गंमत ऐका. 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर'चा पाया आहे एडविन बर्डसाँग यांचं १९७९ चं 'कोला बॉटल बेबी'. त्यातला तुकडा उचलून, कापून या दोघांनी वेगळंच गाणं उभं केलं. २००७ मध्ये कान्ये वेस्टने त्यावर 'स्ट्राँगर' रचलं. एकाच तुकड्याचे तीन जन्म! 'वन मोअर टाइम'मध्ये रोमॅन्थनीचा आवाज ऑटो-ट्यूनमधून काढला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. आज ऑटो-ट्यून नसलेलं पार्टी साँग शोधावं लागतं.

लहानपणाचं हे प्रेम इथेच थांबलं नाही. छोटेपणी टीव्हीवर ज्यांचं अॅनिमे बघितलं, त्या जपानच्या लेइजी मात्सुमोतो यांनाच दोघांनी गाठलं. त्यातून २००३ मध्ये 'इंटरस्टेला ५५५५' ही फिल्म आली. संवाद नाहीतच, गोष्ट सांगतो तो अख्खा अल्बम.

निकाल काय लागला? 'पिचफोर्क' या संगीतविषयक साइटने तेव्हा 'डिस्कव्हरी'ला १० पैकी ६.४ गुण दिले होते. २०२१ मध्ये, म्हणजे डाफ्ट पंकची जोडी फुटली त्याच वर्षी, त्यांनी पेपर पुन्हा तपासला आणि दिले पैकीच्या पैकी. रीचेकिंगला तब्बल वीस वर्षं लागली!

आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक प्लेलिस्ट असते, जी कट्ट्यावर ब्लूटूथ स्पीकरला लावायची लाज वाटते. बाबांच्या कॅसेटमधली गाणी, जुन्या कार्टूनची टायटल साँग्ज, असलं काहीबाही. लोक काय म्हणतील म्हणून आपण ती लपवतो. या दोघांनी तीच उघड केली, त्यातून नवं काही घडवलं आणि मार्कांची वाट बघत बसले नाहीत. आज घरी जाताना हेडफोन लावून 'डिस्कव्हरी' सलग ऐका, चौदाच्या चौदा ट्रॅक. आणि उद्या कट्ट्यावर ती लपवलेली प्लेलिस्ट बिनधास्त लावा!